कुस्ती, गळ आणि दहावीचे वर्ष



आमच्या कार्यालयात कपाटावर बांबूच्या बारीक काठीचे दोन तुकडे ठेवलेले आहेत. नवीन पालक ते पाहतात आणि त्यांना वाटते, ही मुख्याध्यापकांची जुनी छडी असावी. तसे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला बंदी घातली आहे आणि त्याआधीही आम्ही छडीचे भक्त नव्हतो. ती मासे धरण्याच्या गळाची काठी आहे. आपल्याच शाळेतील एका विद्यार्थ्याची ती होती. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांनी रागाच्या भरात ती गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे घेऊन ते आमच्याकडे आले. त्या दिवशी आम्ही जो सल्ला दिला तो चुकीचा होता. ही चूक सर्वांसमोर कबूल करावी, आणि तिच्यातून जो प्रश्न उभा राहिला आहे त्याबद्दल आमचे मत मोकळेपणाने मांडावे, यासाठी या अंकातील ही जागा आम्ही वापरत आहोत.

प्रश्न असा आहे. दहावीच्या वर्गाचे खेळाचे दोन तास रद्द करून त्या जागी गणित आणि विज्ञानाचे जादा तास घ्यावेत, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत तिचा विचार होणार आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. गोडादऱ्यात राहणारी आपली बहुतेक मंडळी लूम, मिल आणि साडीच्या मार्केटमध्ये बारा-बारा तास राबून मुलांना शिकवतात. मुलाने आपल्यासारखे उभे राहून आयुष्य काढू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. तरीही या सूचनेला आमचा विरोध आहे. का, ते त्या मुलाच्या गोष्टीवरून सांगतो.

त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. मुलगा कुस्ती खेळतो. पहाटे तालमीत जातो, जोर-बैठका काढतो, माती उकरतो, मग आंघोळ करून शाळेत येतो. पहिल्या तासाला कधी कधी डुलकी घेतो, हेही खरे. वर्गात मध्यम, पण उद्धट नाही. दर रविवारी तो आपल्या आजोबांबरोबर तापीवर गळ टाकायला जात असे. आजोबांचे सारे आयुष्य नवापूरकडच्या भागात, उकाई धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर मासेमारीत गेले. म्हातारपणी मुलाकडे सुरतला आले, पण पाण्याची ओढ सुटली नाही. नातवाला घेऊन ते शहराबाहेर, वरच्या अंगाला कुठेतरी शांत काठ पाहून बसत.

गेल्या वर्षी खेल महाकुंभात त्याची कुस्ती होती. कुस्ती सोमवारी. आदल्या दिवशी, रविवारी, तो नेहमीप्रमाणे नदीवर गेला. दिवसभर उन्हात बसला, संध्याकाळी दोन चांगले रोहू घेऊन घरी आला, आणि आईने केलेल्या रश्श्याबरोबर भाकऱ्या पोटभर खाल्ल्या. सोमवारी सकाळी वजनकाट्यावर तो ४०० ग्रॅम जास्त भरला आणि आपल्या गटातून बाद झाला. एकही डाव न टाकता पोरगा घरी परतला. वडिलांनी त्या दिवसाचा पगार बुडवून सुट्टी घेतली होती. त्यांचा राग समजण्यासारखा होता. काठी मोडली ती त्याच संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा याला. माझं ऐकत नाही. कुस्ती करायची तर कुस्ती कर, मासे धरायचे तर लंगोट सोड. दोन दगडांवर पाय ठेवून कोण पार झालंय?"

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडेही हीच म्हण आहे, फक्त दगडांच्या जागी नावा आहेत. म्हण दोन भाषांत असली की ती खरीच असणार, असे आपल्याला वाटते. आम्ही मुलाला बोलावले आणि सांगून टाकले, "गळ सोड. कुस्ती आणि अभ्यास, बस." त्याला काय म्हणायचे आहे, ते आम्ही विचारले नाही. तो "हो सर" म्हणाला आणि गेला.

त्याने शब्द पाळला. नदी सुटली. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे झाले ते आम्ही धरले नव्हते. मुलगा आधी चिडचिडा झाला, मग गप्प झाला. तालमीत वस्ताद रागावले तर उलट उत्तर देऊ लागला. एके दिवशी तालीमही सुटली. रविवारचा जो वेळ वाचला, तो अभ्यासात गेला असेल असे कोणाला वाटत असेल, तर तसेही नाही. तो मोबाईलमध्ये गेला. सहामाहीचे गुण आधीच्यापेक्षा कमी आले.

मग एक दिवस आजोबा स्वतः शाळेत आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. ते अहिराणीत बोलले, आम्ही त्याचा सार मराठीत देतो. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगा वजनात चुकला, मान्य. पण चूक रविवारची होती, नदीची नव्हती. तो नदीवर गप्प बसायला शिकत होता. तालमीत त्याला ते कोण शिकवणार?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते. मुलगा गळामुळे हरला नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी काय खावे, किती विश्रांती घ्यावी, वजन कधी तपासावे, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. त्याचे वडील सांगू शकत नव्हते, कारण त्यांना ते माहीत नव्हते. आमच्या शाळेने सांगायला हवे होते, ते आम्ही सांगितले नाही. दोष आमचा, आणि शिक्षा झाली काठीला.

वजनाचा काटा किती निष्ठुर असतो हे २०२४ साली साऱ्या देशाने पाहिले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीत पोहोचली, आणि त्या सकाळी केवळ १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली. तिच्याजवळ तर आहारतज्ज्ञ, डॉक्टर, प्रशिक्षक सारे होते. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने उपांत्य लढतीनंतर सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवले आणि ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, पण विद्यार्थ्यांनी तिचे अनुकरण करू नये. १९९७ साली अमेरिकेत सुमारे महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन घाईने उतरवण्याच्या नादात दगावले आणि तेथील नियम बदलावे लागले. पाणी तोडून, उपाशी राहून, गरम कपडे घालून धावून वजन उतरवणे हा वाढत्या वयाच्या मुलांसाठी जिवाशी खेळ आहे. आपल्या मुलाचे वजन एखाद्या गटात बसत नसेल तर त्याने वरच्या गटात खेळावे. हरला तरी चालेल.

आता दुसरी गोष्ट. आजोबा येऊन गेल्यावर आम्ही मुलाला परत बोलावले. या वेळी विचारले, "तुला काय वाटते?" बराच वेळ तो बोलला नाही. मग त्याने एक नाव सांगितले, चॅड मेंडेस. आम्हाला हे नाव ठाऊक नव्हते. हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा एक मल्ल. शाळेत आणि कॉलेजात कुस्ती खेळला, २००८ साली त्यांच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि पुढे जाळीच्या रिंगणात होणाऱ्या मिश्र लढतींचा व्यावसायिक खेळाडू झाला. त्या लढती मुलांनी मोबाईलवर पाहाव्यात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण मुलाने हे नाव का घेतले ते ऐकण्यासारखे आहे. हा मेंडेस जबरदस्त मासेमार आहे. लढतींच्या काळातच त्याने लोकांना मासेमारीला आणि शिकारीला घेऊन जाणारा स्वतःचा व्यवसाय उभा केला. शिकारीचा भाग आपण सोडून देऊ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण मुलाचा प्रश्न सरळ होता. "सर, तो जागतिक पातळीवर लढून मासे धरू शकतो, तर मी का नाही?"

प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी माहिती हवी, म्हणून आम्ही मेंडेसबद्दल वाचले. त्यातून तीन गोष्टी दिसल्या.

पहिली. अशा खेळाडूंची लढत ठरली की आधीचे सहा-आठ आठवडे कडक तयारीचे असतात. त्या काळात खाणे, झोपणे, सराव, सगळे लढतीसाठी. लढत संपली की मग नदी आणि तलाव. म्हणजे दोन्ही गोष्टी रोज अर्ध्या-अर्ध्या वाटून घ्यायच्या नसतात, त्यांचे हंगाम वेगळे ठेवायचे असतात. हे आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. पेरणीच्या दिवसांत तो यात्रेला जात नाही, आणि सुगी झाल्यावर यात्रा चुकवत नाही. त्याला कोणी दोन दगडांवर पाय ठेवणारा म्हणत नाही.

दुसरी. २०१५ च्या जुलैत मेंडेसला एका फार मोठ्या लढतीसाठी जेमतेम दोन आठवडे आधी बोलावणे आले, कारण ठरलेला खेळाडू जखमी झाला होता. तो लढला. कुस्तीच्या जोरावर त्याने प्रतिस्पर्ध्याला खाली पाडले, वर राहिला, पण दम पुरला नाही आणि दुसरी फेरी संपायला तीन सेकंद उरले असताना हरला. शेवटच्या दोन आठवड्यांत तयारी होत नसते. परीक्षेच्या दोन आठवडे आधी वह्या शोधणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरी, आणि ही थोडी कडू आहे. २०१६ साली बंदी असलेला पदार्थ शरीरात आढळल्यामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. आपण नीट चौकशी केली नाही, असे त्याने मान्य केले. म्हणजे हा काही आदर्श पुरुष नव्हे. पण ज्या दोन वर्षांत रिंगण बंद होते, त्या दोन वर्षांत त्याच्याजवळ करण्यासारखे दुसरे काही होते. २०१८ साली तो परत आला, एक लढत जिंकला, एक हरला आणि निवृत्त झाला. ज्याचे सारे आयुष्य एकाच खुंटीला टांगलेले असते, त्याची खुंटी निखळली की काय होते, हे आपण आपल्या वस्तीतही पाहिले आहे. यात्रेतल्या दंगली गाजवलेले पैलवान पुढे खुराक सुटून, काम सुटून, व्यसनात कसे गेले, याची नावे घेण्याची गरज नाही.

आता परदेश सोडून आपल्या माणसांकडे येऊ. कुस्तीचा विषय निघाला की खाशाबा जाधव यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेला हा मल्ल. केवळ कुस्ती नव्हे, पोहणे, धावणे, वजन उचलणे यांतही तयार. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादीवरच्या कुस्तीची सवयही नव्हती. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या गोष्टीतला एक माणूस आम्हाला, मुख्याध्यापक म्हणून, झोपू देत नाही. ते म्हणजे राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. तरी पुरेना. तेव्हा प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! आपल्या विद्यार्थ्याला ते म्हणू शकले असते, "बाबा रे, कुस्ती सोड, पदवी पाहा." तसे म्हणणे सोपे होते, आणि चार लोकांनी त्यांना शहाणे म्हटले असते. त्यांनी घर गहाण टाकले. आमच्यापुढे एक मुलगा आला तेव्हा आमचे काहीही गहाण पडणार नव्हते. फक्त अर्धा तास बसून ऐकायचे होते. तेवढेही आम्ही केले नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजूही पालकांनी पाहावी. पदक मिळाले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण पुढे पोट भरले ते नोकरीने. खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात लागले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तेव्हा "खेळ खेळ, बाकीचे आपोआप होईल" असे आम्ही कोणत्याही मुलाला सांगणार नाही. अभ्यास हवाच. आपल्या खानदेशचे, चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. पुढे ते पोलीस अधिकारी झाले, आणि नोकरी सांभाळून २०२३ साली कॅनडात विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. एक हाती वर्दी, एक हाती लंगोट. दोन दगडांवर पाय ठेवून पार झालेला माणूस दाखवा, असे कोणी म्हणाले तर आम्ही आता चाळीसगावकडे बोट दाखवू.

काही वाचक विचारतील, कुस्ती ठीक, अभ्यास ठीक, पण मासे धरणे कशाला? ते काय शिक्षण आहे? आपल्या समाजात माळकरी मंडळी आहेत, शाकाहारी कुटुंबे आहेत. त्यांच्या भावनांचा आम्ही आदर करतो. मासे धरावेत असा आमचा कोणालाही आग्रह नाही. पण त्या आजोबांनी आम्हाला जे दाखवले ते सांगण्यासारखे आहे. एका रविवारी आम्ही त्यांच्याबरोबर नदीवर गेलो होतो, फक्त पाहायला.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी आम्हाला बसायची जागा बदलायला लावली. आमची सावली पाण्यावर पडत होती. मग त्यांनी सांगितले की कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. ज्याला जो मासा हवा, त्याने गळ तेवढ्या खोलीवर सोडायचा. म्हणजे समोरचा कोण आहे, तो कुठे असतो, काय खातो, हे आधी ओळखायचे. मासा लागला की लगेच ओढायचे नाही, नाहीतर दोर तुटतो. तो ओढेल तेव्हा ढील द्यायची, तो थकेल तेव्हा घ्यायचे. हे ऐकताना मुलगा हसत होता. आम्ही विचारले, काय झाले? तो म्हणाला, "सर, वस्ताद पण हेच सांगतात. समोरचा जोर लावतो तेव्हा अडायचं नाही, त्याचाच जोर वापरायचा." त्या दिवशी तीन तासांत एक मासा मिळाला, तोही छोटा. आजोबांनी तो परत पाण्यात सोडला. तीन तास मुलाने एकदाही मोबाईल काढला नाही. दहावीच्या वर्गात पस्तीस मिनिटे एका जागी बसणे ज्यांना जड जाते, त्यांच्या शिक्षकांनी याचा विचार करावा.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. नातवासाठी जो छंद आहे, तो आजोबांसाठी चूल होती. त्यांच्या मते माशाशी खेळ करायचा नसतो. लागेल तेवढे घ्यायचे, पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा हात आवरायचा. आपल्या पोरांना शहरात हे कोण सांगणार आहे?

आणि नदी तरी कोणती? मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून बुऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशा करीत, उकाईला थांबून ती सुरतला येते. ज्या नदीकाठी आपले पूर्वज राहिले, तीच नदी आपल्याला इथे भेटते. आमचे बालपण बुऱ्हाणपूरला गेले. राजघाटावर आम्ही पोहायचो. मॅट्रिकच्या वर्षी वडीलधाऱ्यांनी सांगितले, परीक्षेपर्यंत नदी बंद. परीक्षा झाली, मग पुढची परीक्षा, मग नोकरी, मग संसार. "परीक्षेनंतर" हा दिवस काही आला नाही. आज गुडघे कुरकुरतात आणि डॉक्टर म्हणतात, पोहत जा. असो. आमची तक्रार नाही. पण मुलाला "गळ सोड" म्हणताना आपण चाळीस वर्षांपूर्वीचेच वाक्य परत बोलत आहोत, हे आमच्या लक्षात यायला हवे होते.

पाण्याबद्दल पालकांना स्पष्ट सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. मुलाने एकट्याने किंवा मित्रांच्या टोळक्याने पाण्याजवळ जाऊ नये. जाणकार मोठा माणूस बरोबर असलाच पाहिजे. पावसाळ्यात तर मुळीच नाही. उकाईतून पाणी सोडले की तापी किती झपाट्याने वाढते, हे २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरतने भोगले आहे. सिंगणपोरच्या कॉजवेवर गळ टाकण्याचे धाडस करू नये. आणि आपल्या भागातून जाणाऱ्या मिठी खाडीत मासे धरू नयेत. ते पाणी कोणत्या रंगाचे असते ते आपण रोज पाहतो. त्यातला मासा खाणे म्हणजे आजार घरी आणणे.

आता त्या मुलाचे काय ठरले ते सांगतो. वडील, आजोबा, वस्ताद, आमचे क्रीडाशिक्षक आणि स्वतः मुलगा, असे सगळे आम्ही एका टेबलाभोवती बसवले. वडील आधी तयार नव्हते. ते म्हणाले, "सर, तुम्हीच तेव्हा बंद करा म्हणालात, आता तुम्हीच चालू करा म्हणता." आम्ही म्हणालो, "होय. तेव्हा आम्ही चुकलो." मुख्याध्यापकाच्या तोंडून हे ऐकायची त्यांना सवय नसावी. ते थोडे शांत झाले. मग एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या. शाळेच्या दिवशी पहाटे तालीम, संध्याकाळी अभ्यास, रात्री दहाला झोप. स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे नदी बंद, आणि आठवड्यातून दोनदा शाळेत वजन. बोर्डाच्या परीक्षेआधीचे दोन महिने स्पर्धाही बंद, फक्त हलका व्यायाम. बाकीच्या काळात महिन्यातून दोन रविवार आजोबांचे. कागदावर पाच जणांच्या सह्या आहेत. आजोबांचा अंगठा आहे.

हा कागद चमत्कार करील असे आम्ही म्हणत नाही. मुलगा परत तालमीत जाऊ लागला आहे एवढे खरे. दहावीत किती गुण मिळतील, पुढच्या स्पर्धेत काय होईल, ते पुढचे पुढे. आम्ही पालकांना निकालाची हमी देत नाही. मुलगा आता सगळ्यांशी बोलतो, तेवढ्यावर सध्या आमचे समाधान आहे.

यावरून आमचे मत असे बनले आहे. मुलाच्या हातात एखादी तरी गोष्ट अशी असू द्यावी, की जिला गुण नाहीत, पदक नाही, आणि जी त्याला कोणी करायला सांगितलेली नाही. कोणाचा तो गळ असेल, कोणाची ढोलकी, कोणाची कबुतरे, कोणाची चित्रकलेची वही. ही गोष्ट अभ्यासाचा वेळ खाते असे वाटते, पण ती काढून घेतल्यावर तो वेळ अभ्यासाला मिळतोच असे नाही. मात्र तिला तीन अटी हव्यात. तिने शरीराला आणि जिवाला अपाय होऊ नये. तिचा हंगाम ठरलेला असावा. आणि घरात तिच्याबद्दल उघड बोलता यावे, चोरून करावी लागू नये. या अटी पाळल्या तर ती मुलाला तोलून धरते.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मुलांचे छंद आपण दहावीला बंद करतो, मुलींचे सातवीलाच बंद होतात, आणि त्याची काठी मोडल्याचा आवाजही कोणाला येत नाही. माता-भगिनींनी यावर विचार करावा.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की दहावीचे खेळाचे दोन तास रद्द करू नयेत. गणित आणि विज्ञानासाठी जादा तास हवेतच. ते शनिवारी दुपारी घेता येतील, आणि त्यातील एक तास घेण्याची जबाबदारी आम्ही स्वतः घेतो. खेळाच्या दोन तासांपैकी एकात क्रीडाशिक्षक दर महिन्याला आहार, वजन आणि विश्रांती याबद्दल सांगतील, म्हणजे यापुढे आपल्या शाळेचा कोणताही मुलगा न सांगितल्यामुळे वजनकाट्यावरून परत येणार नाही. बैठकीचा निर्णय काहीही होवो, तो आम्ही शिस्तीने पाळू. पण मत मात्र आमचे हेच राहील. पालकांपैकी ज्यांना हे पटत नसेल त्यांनी अवश्य येऊन बोलावे. कार्यालयाचे दार उघडे आहे आणि या वेळी आम्ही आधी ऐकू.

काठीचे ते दोन तुकडे आम्ही मुलाला परत देऊ केले होते. त्याने घेतले नाहीत. आजोबांनी त्याला नवीन काठी करून दिली आहे, जुनी तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाला. म्हणून ती कपाटावर आहे. ती छडी नव्हे, हे आता सर्वांना कळले असेल. पण आमच्यापुरते विचाराल तर ती अधूनमधून छडीचेच काम करते.

— मुख्याध्यापक